घोडीला पोळ्याचं आवतण

अकोल्याच्या उन्हाबद्दल मी जे सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं, असं आमच्या घरी सगळ्यांचं मत आहे. उरलेलं निम्मं इतकं खरं असतं की त्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून मी दोन्ही सारख्याच गंभीर चेहऱ्यानं सांगतो. घोडी मी अकोल्याहून आणली ती भर मे महिन्यात. त्या दिवशी डांबर असं पातळ झालं होतं की टेम्पोत चढेपर्यंत तिच्या नालांना मूर्तिजापूर रोडचा हातभर तुकडा चिकटून आला. तो अंजनगावजवळ आमच्या शेतात आजही आहे. खोटं वाटत असेल तर उकरून पाहा.

आता तिच्या तबेल्यात माझी मोटरसायकल आणि संत्र्याचे क्रेट असतात. पण पावसाळी हवेत तिथं अजून घोडीचा वास येतो, भिजल्या हरभऱ्याचा आणि घामाचा. मग मी उगाच क्रेट मोजत बसतो. काम असल्याशिवाय तिथं बसलेलं आईला आवडत नाही.

घोडी होती वरातीची. अकोल्याच्या एका बँडवाल्याकडं नऊ वर्षं नवरदेव वाहून थकलेली, रंगानं पांढरी, स्वभावानं मावशीसारखी. पुढे नवरदेवांना उघडी मोटार हवीशी झाली आणि ती रिकामी झाली. मी तेव्हा अमरावतीची नोकरी सोडून शेतात संत्रा लावायला आलो होतो आणि स्वतःला फार मोकळा माणूस समजत होतो. मोकळ्या माणसाकडे घोडा पाहिजे, असं मला वाटलं.

बाबा अंगणात उभे होते. ते चाळीस वर्षं अमरावतीच्या कोर्टात वकिली करून गावी परतले होते आणि त्यांना भांडायला कोणी उरलं नव्हतं. आई उलटतपासणीला उत्तरच देत नसे. सालगडी प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचा. दिवसेंदिवस बाबा गप्प होत चालले होते, आणि आमच्या घराण्यात गप्प माणूस म्हणजे आजारी माणूस.

"हे काहून आणली?" बाबा म्हणाले.

"बसायले."

"बसायले घरात सहा खुर्च्या आहेत."

एवढं बोलून ते आत गेले. पण बोलले, हे आईच्या लक्षात आलं. त्या महिन्यातलं त्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

तबेला मी आधीच बांधून ठेवला होता. मोबाइलवर परदेशी तबेल्यांचे व्हिडिओ पाहून. जाड भिंती, बुटकं छप्पर, वीतभर खिडक्या, घट्ट बसणारं लाकडी दार. खाली गुळगुळीत शहाबादी फरशी, कारण घोडीनं स्वच्छ राहावं. ते तबेले बर्फ पडणाऱ्या मुलखातले होते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. वर टिन तापायचं. आईनं त्यावर एकदा पापड वाळत घातले. ते वाळले नाहीत, भाजून निघाले. फरशीवर घोडी अशी उभी राहायची जशी एखादी नवी सून सांडलेल्या तेलावर. मी कूलर लावला. मग आत ऊन राहिलं नाही, वाफ झाली. घोडी खोकायला लागली. आणि भिंतींना तडे गेले, कारण आमची काळी माती उन्हाळ्यात तोंड वासते आणि पावसाळ्यात फुगते, मधल्या काळात घर पाडायचा विचार करते.

मग मी नालबंद चाचांना बोलावलं. अंजनगावला राहायचे. हंगामात चिखलदऱ्याला जाऊन पर्यटकांच्या घोड्यांना नाल ठोकायचे, एरवी पंचक्रोशीतल्या बैलांना. दाढी पांढरी, बोटं लोखंडाची. त्यांनी तबेल्यात फक्त डोकं घातलं, बाहेर काढलं आणि रुमालानं मान पुसली.

"भाऊ, इथं घोडी ठेवून राहिले का नानकटाई भाजून राहिले?"

मी खिडक्या दाखवल्या.

"घोडा घरात नाही राहत. घोडा हवेत राहते. आपुन फक्त हवेवर छप्पर घालाचं."

असं म्हणून त्यांनी काठीनं जमिनीवर नवा तबेला काढला. लांब बाजू पूर्व-पश्चिम, म्हणजे उन्हाच्या वाट्याला फक्त दोन आखूड भिंती. पश्चिमेला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा कूड, शेणमातीनं लिंपलेला. बाकी तिन्ही बाजू छातीपर्यंत लाकडी बल्ल्या आणि वर सगळं उघडं. छप्पर इतकं उंच की माझ्या खांद्यावर दुसरा माणूस उभा राहिला तरी डोकं लागू नये. टिनाच्या खाली तुरीच्या वाळल्या तुराट्यांचा थर, आणि मधोमध कण्यावर फट, गरम हवेला जायला. खाली गुडघाभर काळी माती उपसून मुरूम भरायचा, ठोकायचा, आणि मागच्या बाजूला बोटभर उतार ठेवायचा. शहाबादी फरशी आईनं नेली. ती आजही स्वयंपाकघरात आहे आणि आईच्या मते ती माझ्या आयुष्यातली एकमेव उपयोगी खरेदी आहे.

नवा तबेला होत असताना बाबा निंबाखाली खुर्ची टाकून प्रत्येक बल्लीला हरकत घेत होते. पहिल्या आठवड्यात खुर्ची निंबाखाली होती. दुसऱ्या आठवड्यात दारात आली. तिसऱ्या आठवड्यात मी पाहतो तर खुर्ची आत, बाबा खुर्चीत, हातात पेपर, आणि घोडीला अग्रलेख वाचून दाखवणं चालू.

"ऐकून राहिली बरोबर," ते मला म्हणाले. "कान हलवते, मधात बोलत नाही. असा जज मले चाळीस वर्षांत नाही भेटला."

त्यानंतर घोडी माझी उरली नाही. उन्हाळ्यात पहाटे चार वाजता उठून ते तिला पाणी दाखवायचे, पाण्यात मिठाची चिमूट टाकायचे. दुपारी अंगावर ओलं पोतं टाकण्याआधी पाय भिजवायचे, मग पोट, आणि पाठ शेवटी, कारण चाचांनी तसं सांगितलं होतं. हिवाळ्यात सातपुड्याकडून वारा सुटला की गोणपाटाची झूल. पावसाळ्यात तर विचारूच नका. आमच्या शेतातून घोडी एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दुसऱ्या धुऱ्यावर गेली की चारी खुरांना मिळून चार पाट्या चिखल लागायचा. मी तिच्यावर बसून निघालो की बांधापर्यंत पोचेतो वीतभर उंच झालेलो असायचो. तो चिखल खुरात राहिला की खूर सडतो. म्हणून रोज संध्याकाळी बाबा गुडघे धरून खाली बसायचे, तिचा पाय मांडीवर घ्यायचे आणि लोखंडी आकड्यानं खूर कोरायचे. त्यांचे गुडघे असे वाजायचे की घोडी दचकायची. ज्या माणसानं स्वतःच्या बुटाला कधी पॉलिश केलं नाही, तो चार खुरांना निंबाचं तेल लावायचा.

खायला काय द्यायचं याची चाचांनी ताकीदच दिली होती. कडबा, वाळलं गवत, मूठ मोजून भिजवलेला हरभरा. सरकीची ढेप नाही, भाकरी नाही, लाड नाही.

"बैलाले चार पोटं आहेत, वकीलसाब," चाचा म्हणाले होते. "घोड्याले एक, आन् तेही रुसकं."

"माह्यासारखं," बाबा म्हणाले. आणि ही ताकीद त्यांना पाठ होती, चांगली पाठ होती, हे ध्यानात ठेवा.

बसायच्या बाबतीत घोडीला एकच खोड होती. वाजंत्री ऐकू आली की ती तिकडे निघायची. नऊ वर्षांची सवय. लगाम ओढा, टाचा मारा, रामरक्षा म्हणा, ती मानेची कमान करून एक-एक पाऊल नाचवत मांडवाच्या दारात जाऊन उभी राहायची. एका एप्रिलमध्ये मी चार वेळा नवरदेव होता होता वाचलो. शेंदूरजनाघाटाकडे कलमं आणायला निघालो असताना तर एका सासूबाईनं माझे पाय धुतले, आरती ओवाळली, आणि खरा नवरदेव मागून मोटारीतून आला तेव्हा तिनं त्याच्याकडं जरा नाराजीनंच पाहिलं. एवढं मात्र मी बढाई न मारता सांगतो.

तर पोळा आला.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवलं, त्याला एक दिवस पाहुणा करायचं. मी बैलजोडीला चोळून आत गेलो आणि वाटी परत आणायला आलो, तर वाटी नाही. बाबा तबेल्यात होते. घोडीच्या मानेच्या बुडाशी, जिथं खोगीर टेकतं तिथं, तूप चोळत होते.

"बाबा, ते बैलाचं असते."

"हिनं नऊ वर्षं लोकायचे पोट्टे वाह्यले. बैलानं तरी कोणाचा नवरदेव वाह्यला?"

आणि माझ्यासमोर ते तिच्या कानाशी वाकले आणि आवतण दिलं. वकील माणूस. एकदा समन्स बजावलं की बजावलं.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली गावचे बैल ओळीनं उभे राहिले, शिंगांना रंग, अंगावर झुली. बाबांनी घोडीला ओळीत उभं करायचं ठरवलंच होतं, पण गावकरी काय म्हणतील या विचारानं पाय अडत होता. तेवढ्यात डफडं वाजलं आणि घोडीनं तो प्रश्न निकालात काढला. बाबांना दोरीसकट ओढत ती नाचत गेली आणि पाटलाच्या जोडीशेजारी उभी राहिली. गाव हसलं. कोणी हाकललं नाही. पोळा फुटला, बैल घरोघर निघाले, आणि त्यांच्यामागून बाबा घोडी घेऊन. दारोदार बाया पाय धुवून, कुंकू लावून पुरणपोळी भरवत होत्या. मी आमच्या बैलांमागं होतो. गल्लीच्या टोकाशी मला बाबा हसताना दिसले. मोठ्यानं, डोकं मागं टाकून. मला वाटलं, हे आपण कधी पाहिलं होतं? आठवलं नाही. म्हणून त्यांना थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोळ्याच्या करीला, घोडी तबेल्यात आडवी होती. उठायची, पुढच्या पायानं मुरूम उकरायची, वळून स्वतःच्या कुशीकडं पाहायची, परत आडवी व्हायची. मानेवर घाम. बाबा दारात उभे, पायात एकच चप्पल.

मी तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तिला लोळू देऊ नका, चालवत ठेवा, खायला काडी देऊ नका, येतोच. मग चाचांना फोन केला. चाचा स्कूटरवर डॉक्टरांच्या आधी पोचले. तोवर शेजारचे दोघं बैलाला औषध पाजायचं बांबूचं नळकांडं आणि लिटरभर गोडतेल घेऊन आले होते.

"हे नळकांडं घरी ठेवा, दादा," चाचा म्हणाले. "तोंडातून ओतलं तं छातीत जाईन. मंग पोटाचं काही पाहाचीच गरज नाही."

त्यांनी घोडीच्या कुशीला कान लावला. एका बाजूला, मग दुसऱ्या. बराच वेळ.

"पोट बोलत नाही," ते म्हणाले. "वकीलसाब, काय खाल्लं इनं?"

"नेहमीचंच," बाबा म्हणाले. "आन् पोळ्या. दोन."

"दोन."

"दोनच."

चाचांनी परत कान लावला. "दोन पोळ्यांनं असं मुकं होत नाही पोट."

"एखादी जास्त असंल. गर्दी होती."

"डॉक्टर येऊन राहिले. ते तुमाले हेच इचारतीन. तुमी जे सांगसान त्याच्यावर ते किती दवा द्याची ते ठरवतीन. मी काही कोर्ट नाही, वकीलसाब. मले जिंकाचं नाही."

चाळीस वर्षांत बाबांची उलटतपासणी कोणी घेतली नव्हती. त्यांनी घोडीकडं पाहिलं. ती परत कुशीकडं वळली होती.

"एकोणीस," बाबा म्हणाले.

चाचांनी कुशीवरचा कान काढला.

"मी मोजून राह्यलो होतो. कोण्या बैलाले तीन भेटल्या, कोण्याले चार. हिले एकोणीस झाल्या. मले... मले बरं वाटून राह्यलं होतं."

मी ही गोष्ट बाहेर सांगतो तेव्हा पोळ्या बेचाळीस असतात. पण इथं लिहून ठेवायचं आहे म्हणून खरा आकडा देतो.

डॉक्टर आले. दुखण्याचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं, हात धुतले. "घोड्याला ओकता येत नाही," ते म्हणाले. "जे आत गेलं ते मागच्याच दारानं बाहेर येणार. संध्याकाळपर्यंत लीद पडली, पोट बोलायला लागलं, तर घोडी तुमची. नाही पडली तर नागपूरला नेऊन पोट उघडावं लागेल, आणि नागपूरपर्यंत ती टिकेल असं मी म्हणणार नाही. थोडं चालवा, थोडं थांबवा, परत चालवा."

चिखलात चालवणार कुठं? म्हणून गावातला डांबरी रस्ता. आमच्या दारापासून नाल्याच्या पुलापर्यंत, पुलापासून दारापर्यंत. दोरी बाबांच्या हातात. मी म्हणालो, द्या. त्यांनी दिली नाही. सालगडी म्हणाला, मालक द्या. नाही. आई चहा घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि ते तिच्यासमोरून अकरा वेळा गेले, कप घेतला नाही. बाराव्यांदा आई म्हणाली, "तुमी पडसान तं तुमाले कोण चालवीन?" तेव्हा त्यांनी कप घेतला आणि चालत चालतच प्यायला.

दहा वाजेपर्यंत अख्ख्या गावाला कळलं. करीचा दिवस, कोणाला शेतात जायचं नव्हतं. लोक ओट्यावर येऊन बसले. त्याच दिवशी लहानग्यांचा तान्हा पोळा असतो, तर ती पोरं लाकडी बैलांच्या दोऱ्या ओढत घोडीमागून चालू लागली. पोरं बिचारी ती मिरवणूकच समजली. हजारो वर्षांत एखाद्या गावानं एखाद्या जनावराच्या लिदीची अशी वाट पाहिली नसेल. लग्नाच्या मुहूर्तालाही लोक इतके गप्प बसत नाहीत. शेपूट जरा हललं की दोन्हीकडचे ओटे उभे राहायचे. माशी असायची. परत बसायचे.

आणि बाया एकेक करून बाबांजवळ यायच्या. "वकीलसाहेब, आमच्या घरची नव्हती जी. आमी फक्त कुंकू लावलं." दुसरी म्हणे, आमची लहानच होती, तळहाताएवढी. तिसरीच्या घरी म्हणे त्या दिवशी पुरणच नव्हतं. काल एकोणीस घरांनी पोळ्या दिल्या होत्या. दुपारपर्यंत एकाही घरानं दिलेली नव्हती. साक्षीदार फितूर होताना बाबांनी आयुष्यभर पाहिले होते, आणि त्यावर ते काय काय बोलत हे मला माहीत होतं. त्या दिवशी ते प्रत्येकीला एकच म्हणाले, "तुमच्या घरची नाही, बाई. माह्या हातची होती." आणि पुढं चालू लागायचे.

दोनच्या सुमारास ते लंगडायला लागले. चाचा दर फेरीला कुशीला कान लावत होते आणि मान हलवत होते. घोडीचं डोकं खाली गेलं होतं. ती बाबांच्या खांद्याला नाक लावून चालत होती, आणि कोण कोणाला चालवतंय हे मला कळेना. मी थोडा मागं राहून चालत होतो. मला बाबांचं बोलणं ऐकू येत होतं. अग्रलेख नाही, कोर्ट नाही. ते तिला सांगत होते की अमरावतीहून परत आल्यावर सकाळी उठून काय करावं हेच त्यांना समजत नव्हतं. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मी आणखी दहा पावलं मागं राहिलो.

तीननंतर चाचांनी कान लावला आणि काढला नाही. एक बोट वर केलं. "बोलून राहिलं," ते म्हणाले. "हळू आहे. पण बोलून राहिलं."

पुलाशी ती थांबली. पाय फाकवले. शेपूट उचललं. ओटे उभे राहिले, आणि या वेळी माशी नव्हती.

चाचा उकिडवे बसले, एक गोळा बोटांनी फोडला आणि नाकाशी नेला. "वेलदोडा," ते म्हणाले. "जायफळ पण आहे. चांगल्या घरच्या पोळ्या होत्या, वकीलसाब."

बाबा पुलाच्या कठड्यावर बसले. बसले म्हणजे त्यांच्या पायांनी तसं ठरवलं. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, कारण घोडी मधे उभी होती आणि मी दुसऱ्या बाजूला गेलो नाही.

थोड्या वेळानं ते उठले आणि आम्ही परत निघालो. ज्या ज्या दारात काल त्यांनी तिला उभं केलं होतं, त्या त्या दाराशी ते थांबले. आतून बाई यायची, पदर सावरायची, घाबरून पाहायची. बाबा दोरी कोपरात अडकवून दोन्ही हात जोडायचे. जजशिवाय कोणापुढं मान न वाकवलेला माणूस.

"पचलं, बाई," ते म्हणायचे. "तुमची पोळी होती न?"

"होती," बाई आता म्हणायची. "दोन होत्या."

मग पुढचं दार. चारशे पावलांच्या त्या गल्लीतून घरी पोचायला त्या संध्याकाळी आम्हाला दीड तास लागला, आणि हा दीड तास मी वाढवून सांगितलेला नाही.